इंजिन की बॅटरी? विज्ञान कक्षाच्या हेलिकॉप्टरविषयी

माजी विद्यार्थ्यांच्या गेल्या मेळाव्यात शाळेच्या विज्ञान कक्षाला काय भेट द्यावी, याची चर्चा निघाली. तेव्हा आमच्याच तुकडीतील एका स्नेह्याने रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टर देण्याची इच्छा बोलून दाखविली. कक्षात दुर्बीण आहे, सूक्ष्मदर्शक आहेत, काचेच्या कपाटात सांगाडाही आहे. परंतु मुलांनी स्वतःच्या हाताने जुळवावे, उडवावे, पाडावे आणि पुन्हा दुरुस्त करावे असे तेथे काही नाही, हे त्यांचे म्हणणे सर्वांनाच पटले. मतभेद झाला तो पुढच्या प्रश्नावर. हेलिकॉप्टर इंधनावर चालणारे घ्यावे की बॅटरीवर? दात्याचा ओढा इंजिनाकडे होता. द्यायचे तर खरे यंत्र द्यावे, खेळणे नको, असे त्यांचे मत. विश्वस्तांनी या प्रश्नाचा नीट विचार करून तो लिहून काढण्याचे काम माझ्याकडे सोपविले. पालकांनाही त्यामागची कारणे कळावीत म्हणून तो येथे मांडीत आहे.

आरंभीच सांगून टाकतो की, मी इंजिनाच्या बाजूचा माणूस आहे. शाळा सुटल्यावर शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभा राहिलो, तो आजतागायत उभाच आहे. ज्या उद्यमनगराने शेतकऱ्यांसाठी ऑइल इंजिने ओतली, कातली आणि गावोगाव पोहोचविली, तेथे वाढलेल्या माणसाला इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून पिस्टन झिजला की नोझल बिघडला हे ओळखण्याची सवय लागते. तेव्हा पुढे मी जे बॅटरीच्या बाजूने लिहिले आहे, ते आवडीपोटी लिहिलेले नाही. आवड बाजूला ठेवून लिहिले आहे.

कोल्हापूरकरांना हा वाद नवा वाटू नये. पंचगंगेच्या आणि भोगावतीच्या काठावर एके काळी ऑइल इंजिनांचा ठोका दिवसभर ऐकू येई. वीज शिवारात पोहोचली तसतशी विद्युत मोटर आली आणि इंजिने खोपीत जाऊन बसली. हँडल मारण्याचे कष्ट गेले, डिझेलचे कॅन वाहणे गेले. राहिली ती भारनियमनाची तक्रार. विहिरीवर जे झाले तेच हेलिकॉप्टरात झाले, असे म्हणून हा लेख येथेच संपविता आला असता. पण एक मोठा फरक आहे. विहिरीवरच्या मोटरीला खांबावरून तार आलेली असते. हेलिकॉप्टरला आपली सगळी शिदोरी पाठीवर घेऊन उडावे लागते, आणि शिदोरीचे वजनही तिलाच उचलावे लागते. त्यातही हेलिकॉप्टर हे विमानापेक्षा खर्चिक यंत्र. विमानाचे पंख पुढे जाताना हवेवर टेकलेले असतात. हेलिकॉप्टर एका जागी तरंगत असले तरी प्रत्येक क्षणी शक्ती खर्च करीत असते. शिदोरी संपली की तरंगणेही संपले.

म्हणून वजनाचा हिशेब प्रथम करावा लागतो, आणि तो हिशेब इंधनाच्या बाजूने आहे हे मान्य केले पाहिजे. वीजबिलातील ‘युनिट’ सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच मापाने मोजू. एक किलो मिथेनॉलमध्ये साधारण साडेपाच युनिट ऊर्जा साठलेली असते. एक किलो लिथियम पॉलिमर बॅटरीत, म्हणजे या छंदात जिला ‘लिपो’ म्हणतात तिच्यात, सुमारे ०.१५ ते ०.२ युनिट. तीस पटींचा हा फरक आहे. लहान इंजिन त्या ऊर्जेतील बहुतांश उष्णतेच्या आणि धुराच्या रूपाने उधळून टाकते आणि चांगली मोटर ऐंशी टक्क्यांच्या आसपास ऊर्जा प्रत्यक्ष कामाला लावते. एवढी वजावट करूनही इंधन पुढेच राहते. शिवाय उडता उडता इंधनाची टाकी रिकामी होते आणि यंत्र हलके होत जाते. बॅटरी मात्र भरलेली असो वा रिती, तेवढीच जड.

याच कारणामुळे कित्येक वर्षे बॅटरीवरचे हेलिकॉप्टर ही कल्पना फारशी कुणी गंभीरपणे घेत नसे. जर्मनीतील डीटर श्ल्यूटर यांनी १९७० च्या सुमारास रेडिओवर नीट ताब्यात राहणारे हेलिकॉप्टर उडवून दाखविले, तेही इंजिनावरच. त्या काळच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या जड, आणि कार्बन ब्रशच्या मोटरी तापणाऱ्या. चित्र पालटले ते तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे. निओडिमियमची ताकदवान चुंबके आली. त्यामुळे मोटर लहान होऊनही जोरकस झाली. ब्रशविरहित मोटर आणि तिला वीज तुकड्या-तुकड्यांनी पुरविणारा इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रक आला. आणि लिथियमच्या बॅटऱ्या आल्या. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. या शोधाचे मूळ काम करणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या शोधाने प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला, त्यानेच हे छोटे हेलिकॉप्टरही हवेत राहते, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

आता इंधनाचे हेलिकॉप्टर प्रत्यक्षात कसे असते ते पाहू. त्याला पेट्रोल किंवा डिझेल लागते असा पुष्कळांचा समज असतो. मोठ्या आकारात पेट्रोलची इंजिने असतात. पण आपल्यासमोर ज्याचा प्रस्ताव होता, ते ‘नायट्रो’ जातीचे, सव्वाआठ घनसेंटिमीटरच्या इंजिनाचे. त्याच्या इंधनात बहुतांश मिथेनॉल, काही भाग नायट्रोमिथेन, आणि वंगणासाठी तेल, ज्यात पुष्कळदा आपले एरंडेल असते. या इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो. ‘ग्लो प्लग’मधील प्लॅटिनमयुक्त तारेचे वेटोळे आधी बाहेरच्या बॅटरीने लाल करावयाचे, एकदा इंजिन सुरू झाले की मिथेनॉलच्या संपर्काने आणि आतल्या उष्णतेने ते आपोआप तप्त राहते. युक्ती सुंदर आहे. जळक्या एरंडेलाचा तो वास ज्याने एकदा घेतला, तो विसरत नाही. मीही विसरलेलो नाही.

पण तेच मिथेनॉल वसतिगृहाच्या कपाटात ठेवावयाचे म्हटले की मन कचरते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाड-मालवणी येथे विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे गेली. त्या दारूत हेच द्रव्य होते. थोडे पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते. त्वचेतूनही ते शरीरात शिरते. वासाने आणि रंगाने ते निरुपद्रवी वाटते. त्याला आग लागली तर भर उन्हात ज्वाळा जवळजवळ दिसतच नाही, हात पोळल्यावरच कळते. कारखान्यात प्रौढ माणसे हातमोजे घालून ते हाताळतात. येथे मात्र ज्या इमारतीत मुले जेवतात आणि झोपतात, तिच्यात त्याचे डबे ठेवावे लागतील. कुलूप लावू, असे म्हणता येईल. वसतिगृहातील कुलपांचा इतिहास माजी विद्यार्थ्यांना मी सांगावयास नको.

इंजिन सुरू करण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. एका हाताने मुख्य पात्यांचे शीर घट्ट धरावयाचे आणि दुसऱ्या हाताने स्टार्टर लावावयाचा. क्लच नीट सुटला नसेल किंवा थ्रॉटल वर राहिला असेल, तर धरलेल्या हातातच पाती ओढ घेतात. मग सुरू झालेले, धडधडणारे, तापलेल्या सायलेन्सरचे ते यंत्र उचलून मैदानाच्या मध्यावर न्यावयाचे. त्यानंतर सुईच्या झडपेने हवा आणि इंधन यांचे प्रमाण जुळवावे लागते. सकाळची गार हवा, दुपारचे ऊन, आषाढातील दमटपणा यांप्रमाणे हे प्रमाण बदलते. इंधन कमी पडले तर इंजिन तापून जाम होते, जास्त झाले तर गुदमरते. जाणकार माणूस धुराची रेघ पाहून आणि आवाज ऐकून हे जुळवितो. नवख्याचा रविवार यातच जातो आणि हेलिकॉप्टर जमिनीवरच राहते. उडाल्यावर पुसण्याचे काम उरते, कारण न जळलेले तेल सगळ्या अंगावर बसते.

आवाजाविषयी मंगळवार पेठेत राहणाऱ्यांना वेगळे सांगण्याचे कारण नाही. आपल्या गल्ल्या अरुंद, घराला घर लागून, मिरजकर तिकटीपासून खासबागेपर्यंत मोकळी जागा म्हणावी अशी थोडीच. फुटबॉलच्या मोसमात पेठेने जेवढा आवाज करावयाचा तेवढा ती करतेच. त्यात आपण भर घालू नये. सायंकाळी वंदनेच्या वेळी अंगणात दोन-टोकी इंजिन किंचाळत असेल, तर शेजाऱ्यांचे सोडा, आपल्याच गृहपालांचा संयम किती टिकेल याची शंका आहे.

बॅटरीच्या हेलिकॉप्टरात यांपैकी बरेच काही नाही. मध्यम आकाराचे, दोन्ही पात्यांसह सत्तर सेंटिमीटर व्यासाचे आणि पाऊण किलोच्या आसपास वजनाचे यंत्र घ्या. त्याला तीन घटांची, ११.१ व्होल्ट आणि २२०० मिलिअॅम्पिअर-तासांची बॅटरी लागते. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला तर २४ वॉट-तासांच्या थोडी वर ऊर्जा होते. चार्जरमधील नासाडी धरून भिंतीतील प्लगमधून तीस वॉट-तास, म्हणजे एका युनिटाचे शंभर भाग केले तर त्यांतील तीन भाग. दहा रुपये युनिट धरले तरी एका उड्डाणाची वीज तीस पैशांची. अर्थात खरा खर्च विजेचा नव्हेच, बॅटरीचा. नीट वापरलेली बॅटरी दीड-दोनशे वेळा भरता येते, पुढे तिचा जोर ओसरतो. समजा ती अडीच हजारांना आली आणि दीडशे उड्डाणे दिली, तर दर उड्डाणामागे सोळा-सतरा रुपये पडले. नायट्रो यंत्र याहून मोठे असल्याने तुलना तंतोतंत नाही. तरीही त्याच्या एक लिटर इंधनात दोन-तीनच उड्डाणे होतात आणि त्या लिटरला शेकडो रुपये मोजावे लागतात, एवढे पुरेसे बोलके आहे.

उणीव आहे ती वेळेची. पाच-सहा मिनिटे झाली की उतरावेच लागते. मुलांना हे फार थोडे वाटेल. पण शिकणाऱ्याची पाच मिनिटे आणि पाहणाऱ्याची पाच मिनिटे यांत अंतर आहे. हेलिकॉप्टर तुमच्याकडे तोंड करून उभे राहिले की डावे उजवे होते, आणि उजवे डावे. तेवढ्या वेळात कपाळावर घाम येतो. चार बॅटऱ्या असल्या तर चार मुलांची पाळी होते, आणि मधल्या वेळी काय चुकले याची चर्चा होते. मला तर ही सक्तीची विश्रांती उपकारकच वाटते.

येथपर्यंत वाचून कुणी असे समजेल की बॅटरीचे यंत्र निर्धोक आहे. तसे ते मुळीच नाही. या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून पालकांनी तो सावकाश वाचावा अशी विनंती आहे.

पात्यांना इंजिन फिरविते की मोटर, याने जखमेत फरक पडत नाही. वर सांगितलेल्या यंत्राची पाती मिनिटाला अडीच हजार फेरे घेतात असे धरले, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी सव्वातीनशे किलोमीटरांहून अधिक होतो. हा हिशेब नववीतील विद्यार्थी परिघाच्या सूत्राने स्वतः करू शकेल, आणि उडविण्यापूर्वी प्रत्येकाने तो करावाच. नायट्रोच्या मोठ्या यंत्राचा वेग त्याहून अधिक. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका उद्यानात एकोणीस वर्षांचा तरुण स्वतःच्याच रेडिओ हेलिकॉप्टरची पाती लागून जागीच मरण पावला. तो नवशिका नव्हता.

मोटरीचा तर एक खास धोका आहे, जो इंजिनात नाही. इंजिन जिवंत असले की ते ऐकू येते. मोटर जिवंत असूनही मुकी असते. बॅटरी जोडलेले हेलिकॉप्टर टेबलावर मेल्यासारखे पडलेले असते, आणि हातातील ट्रान्समीटरच्या दांडीला बाही लागली तरी क्षणात पाती फिरू लागतात. माझ्या उजव्या तर्जनीवर जो आडवा व्रण आहे तो लेथचा नाही, पहिल्या हेलिकॉप्टरचा आहे. दांडी तळाशी आहे की नाही हे न पाहता मी बॅटरी जोडली होती. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून नियम केला: आधी ट्रान्समीटर सुरू, मोटर बंद ठेवणारी कळ लावलेली, मग बॅटरी, आणि टेबलावर जुळणी करताना मोटरीच्या तारा काढून ठेवलेल्या.

दुसरा धोका बॅटरीचाच. ज्या गुणामुळे ती थोड्या वेळात भरपूर वीज सोडते, त्याच गुणामुळे बिघडल्यावर ती भडकते. तिचा प्रत्येक घट ४.२ व्होल्टच्या वर भरावयाचा नसतो आणि तीन व्होल्टच्या खाली उतरवावयाचा नसतो. उडवावयाचे नसेल तेव्हा ती ३.८ व्होल्टच्या आसपास अर्धवट भरून ठेवावी लागते. मी एकदा मार्चमध्ये दोन बॅटऱ्या पूर्ण भरून पत्र्याच्या छपराखाली कपाटात ठेवल्या आणि गावी गेलो. आठ दिवसांनी परतलो तो त्यांतील एक तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगली होती. पेटली नाही हे माझे नशीब. फुगलेली, पिचलेली किंवा उंचावरून पडलेली बॅटरी पुन्हा भरू नये. ‘अजून चालेल’ हा आपला लाडका शब्दप्रयोग येथे वर्ज्य समजावा.

वसतिगृहात यासाठी काय करावे लागेल? बॅटऱ्या मुलांच्या ट्रंकेत किंवा उशाशी असता कामा नयेत. भरण्याचे काम झोपण्याच्या खोलीपासून दूर, फरशीवर, शिक्षक समोर असतानाच व्हावे. रात्री कधीही नाही. प्रत्येक घट सारखा भरणारा बॅलन्स चार्जर हवा. ठेवण्यास पत्र्याची पेटी हवी, धूर निघून जाण्यास फट असलेली. हवाबंद डबा म्हणजे बॉम्ब. शेजारी वाळूची बादली. धूर दिसला तर वीज बंद करून सर्वांनी बाहेर पडावे, कारण तो धूर फुप्फुसांना घातक असतो. निकामी बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकावयाची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, तिचा उपयोग करावा. मिथेनॉलचा डबा नाकारून ही शिस्त स्वीकारावयाची, असा हा व्यवहार आहे. मला तो फायद्याचा वाटतो, कारण फुगलेली बॅटरी डोळ्यांना दिसते, व्होल्ट मोजता येतात, आणि ही शिस्त आठवीतल्या मुलाला शिकविता येते.

उडवावयाचे कोठे, हा प्रश्न चर्चेत कुणी काढलाच नव्हता. तो निर्णायक आहे. उजळाईवाडीचा विमानतळ आपल्याला दूर वाटतो, कारण तेथे जाण्यास रस्त्याने गर्दीतून वेळ लागतो. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेषेत मोजले तर मंगळवार पेठ त्यापासून आठ किलोमीटरांच्या आतच भरते. केंद्र शासनाच्या २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरांच्या आत कोणत्याही उंचीवर परवानगीवाचून मानवरहित विमान उडविता येत नाही. आठ ते बारा किलोमीटरांच्या पट्ट्यात साठ मीटरपर्यंत मोकळीक आहे. आणि मानवरहित विमान म्हणजे केवळ कॅमेऱ्याचे ड्रोन नव्हे, रेडिओवरचे हेलिकॉप्टरही त्यात येते. म्हणजे वसतिगृहाच्या अंगणात, गच्चीवर किंवा विद्यापीठाच्या माळावर सहज जाऊन उडवू, हे चालणार नाही. नियमांत बदल होत असतात. संस्थेने शासनाचा आकाशनकाशा पाहून आणि रीतसर चौकशी करूनच बाहेरच्या उड्डाणाची जागा ठरवावी. ती बहुधा शहरापासून बरीच दूर, एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या गावच्या माळावर असेल, आणि वर्षातून तीन-चार वेळा सहल काढून जावे लागेल.

मग उरलेल्या दिवसांत काय? आपले सभागृह आहे. छताखाली उडणारे हेलिकॉप्टर विमानांच्या वाटेत येत नाही. तेथे तळहाताएवढे, शंभर ग्रॅमच्या आतबाहेरचे बॅटरीचे यंत्र उडविता येते. आदळले तर प्लॅस्टिकचे पाते मोडते, खिडकी फुटत नाही. तरीही डोळ्यांवर चष्मा आणि चार मीटरांचे अंतर हवेच. नायट्रो इंजिनाला मात्र छताखाली प्रवेशच नाही, धुरामुळेही आणि आकारामुळेही. इंधनाचे यंत्र घेतले असते तर वर्षातील बहुतेक दिवस ते कपाटावर शोभेला राहिले असते. हा एकच मुद्दा मला पुरेसा होता. बाकीचे सर्व विचार मी नंतर पडताळले.

इंधनाच्या बाजूने बोलण्यासारखे जे आहे तेही टाळणे बरे नव्हे. जेथे ओझे अधिक आणि वेळ अधिक, तेथे इंजिनाला पर्याय सहज मिळत नाही. जपानमध्ये यामाहा कंपनीने १९८७ पासून भातशेतीवर औषध फवारण्यासाठी मानवरहित हेलिकॉप्टरे दिली, ती पेट्रोलची. आपल्याकडे उसावर फवारणी करणारे ड्रोन मात्र बॅटरीवरचे आहेत. बांधावर भरलेल्या बॅटऱ्यांची रांग ठेवून दर काही मिनिटांनी त्या बदलतात. काम कोणते, यावर यंत्र ठरते. उलट मंगळावर इंजिन चाललेच नसते, कारण तेथील विरळ हवेत जळण्यास प्राणवायू जवळजवळ नाही. १९ एप्रिल २०२१ रोजी तेथे उडालेले नासाचे १.८ किलोचे ‘इन्जेन्युइटी’ हेलिकॉप्टर सौरपत्र्यावर भरणाऱ्या लिथियमच्या बॅटऱ्यांवर उडाले, आणि त्याने ७२ उड्डाणे केली. त्याचे मुख्य अभियंता बॉब बलराम हे भारतात वाढलेले आणि मद्रासच्या आयआयटीत शिकलेले.

मुलांकडून एक प्रश्न नक्की येईल: हेलिकॉप्टर कशाला, चार पंख्यांचा ड्रोनच का नको? ‘थ्री इडियट्स’ चित्रपटात वसतिगृहाच्या खिडक्यांसमोर उडणारे यंत्र त्यांनी पाहिलेले असते. ते यंत्र आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये स्थापलेल्या आयडियाफोर्ज या कंपनीने केलेले होते. पुढे याच कंपनीने डीआरडीओबरोबर ‘नेत्र’ हे टेहळणीचे यान विकसित केले. चार पंख्यांचे यान प्रत्येक पंख्याचा वेग सेकंदाच्या अंशात कमी-अधिक करून तोल सांभाळते. इतक्या चपळाईने वेग बदलणे मोटरीलाच जमते, इंजिनाला नाही. म्हणून तो प्रकार बॅटरीच्या युगातच फोफावला. पण त्यातील सगळी हुशारी संगणकाच्या चिपमध्ये लपलेली असते. हेलिकॉप्टरात पात्यांचा वेग जवळपास स्थिर असतो आणि त्यांचा कोन बदलतो. खालची तबकडी, जिला स्वॅशप्लेट म्हणतात, ती कलली की फिरणारे पाते एका बाजूस अधिक हवा कापते आणि यंत्र कलून सरते. मुख्य पंख्याच्या उलट्या ओढीने धड गरगर फिरू नये म्हणून शेपटीचा पंखा सतत झटत असतो. दांडे, सांधे, बेअरिंगे सगळी डोळ्यांसमोर. ज्याला यंत्र समजून घ्यावयाचे आहे, त्याच्यासाठी हेच पुस्तक मोठे आहे. त्यासाठी मात्र सभागृहातील यंत्रही पात्यांचा कोन बदलणारेच निवडावे. स्थिर कोनाची स्वस्त खेळणी या कामाची नाहीत.

राहता राहिला दात्याचा तो मूळ आक्षेप, की इंजिनाशिवाय यंत्राचे शिक्षण अपुरे. यात तथ्य आहे, आणि तो मला टोचतही होता. बॅटरीच्या यंत्रात ऐकून जुळविण्यासारखे काही उरत नाही; वेगनियंत्रक ते आपणच सांभाळतो. ज्या गावाने ऑइल इंजिने घडविली, तेथील मुलांच्या कानाला इंजिनाचा ठोका कळू नये, हे बरे दिसत नाही. पण त्यासाठी इंजिन हवेत पाठविण्याची गरज नाही. विश्वस्तांपुढे मी असे सुचविले आहे की, हेलिकॉप्टरांसोबत एक जुने, बंद पडलेले ऑइल इंजिन आणून विज्ञान कक्षाच्या ओट्यावर बसवावे. मुलांनी ते खोलावे, पिस्टन-रिंग मोजाव्यात, झडपा घासाव्यात आणि शक्य झाल्यास पुन्हा जोडावे. सुरू मात्र उद्यमनगरातील कारखान्यात नेऊनच करावे. उडण्यासाठी मोटर, खोलण्यासाठी इंजिन.

खरेदीची यादी त्यावरून ठरली. संगणकावर सराव करण्याचे सॉफ्टवेअर आणि ट्रान्समीटर प्रथम, कारण पहिले शंभर अपघात पडद्यावरच झालेले बरे. मग सभागृहासाठी दोन लहान यंत्रे आणि जास्तीची पाती. पाऊण किलोचे मोठे यंत्र वर्षभर थांबेल. ज्या मुलांनी लहान यंत्र चारही दिशांना तोंड करून एक-एक मिनिट स्थिर धरून दाखविले, त्यांच्याच हाती ते येईल. बॅलन्स चार्जर, व्होल्ट मोजण्याचे यंत्र, चष्मे, वाळूची बादली आणि पत्र्याची पेटी ही यादीत शेवटी लिहिली असली तरी ती आधी यावयास हवीत.

हा सगळा विचार दात्यांना कळविला. त्यांचे उत्तर परवा आले. हेलिकॉप्टर बॅटरीचे घेण्यास त्यांची संमती आहे. ऑइल इंजिन ते स्वतःच्या गावच्या खोपीतून पाठवीत आहेत, आणि पेटीचा पत्रा किती जाडीचा हवा, एवढेच त्यांनी विचारले आहे. तो पत्रा उद्यमनगरातून मीच आणणार आहे.